खाला गरीब नव्हती

माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं की अरबी ही काही वेगळी भाषा नाहीच. आपलीच बोली, फक्त जरा घशातून काढायची. "दुनिया म्हणजे दुनिया, नसीब म्हणजे नशीब, सब्र म्हणजे सबुरी. अजून काय लागतं गो माणसाला बोलायला?" असं म्हणायच्या आणि सौदीतल्या कतीफच्या त्या खजुरीच्या बागेत, सावलीत बाज टाकून, खालाशी तासन् तास गप्पा छाटत बसायच्या. ह्यांचं अर्धं तिला कळायचं नाही, तिचं अर्धं ह्यांना. तरी दोघींचं कधी वाजलं नाही. माझं आणि सासूबाईंचं मात्र एकच भाषा असून रोज वाजायचं.

खाला म्हणजे आमची कफील. तिच्या नावावर आमच्या ह्यांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, आणि ह्यांच्या इकाम्यावर माझा नि मुलीचा. तिनं ठेवलं तर आम्ही सौदीत, नाहीतर सामान बांधून परत रायगडला. पण कफील म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो तशी ती मुळीच नव्हती. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मला चौथा महिना लागलेला, उलट्यांनी जीव नकोसा झालेला. ही बाई रोज सकाळी लिंबू नि पुदिना घेऊन दारात हजर. मी तिला खाला म्हणाले, म्हणजे मावशी. आमच्यातही मावशीला खालाच म्हणतात, तिच्यातही. तिला कोण आनंद झाला!

हे लग्नाआधीपासून त्या बागेत सुपरवायझर होते. खजुरीची दोन-तीनशे झाडं, खाली लिंबं, कडेनं त्यांच्याकडचा तो डबल मोगरा. बागेच्या टोकाला आमच्या दोन खोल्या. खालाचा नवरा चांगला माणूस होता. मुलगा नाही, एकच मुलगी, ती लग्न होऊन रियाधला. म्हणून त्यानं जिवंतपणीच बाग बायकोच्या नावावर करून ठेवली होती. पण नाव असून काय? ऑफिसातली कामं, सह्या, आमचे इकामे, हा सगळा कारभार तो गेल्यावर त्याच्या धाकट्या भावाकडे गेला. ह्या अधिकाराला तिकडे वकाला म्हणतात, आणि ज्याच्याकडे तो असतो त्याला वकील. मी आपली बरीच वर्षं समजत होते की खालाचा दीर कोर्टात प्रॅक्टिस करतो. हे हसून हसून बेजार झाले होते.

दीर कोर्टात नव्हता, पण डोकं अगदी तसलंच. त्याला ती बाग नको होती, जमीन हवी होती. आजूबाजूच्या बागा एकेक करून लग्नाचे हॉल झाले होते. भिंत घालायची, पोहायचा हौद बांधायचा, गुरुवार-शुक्रवार भाड्यानं द्यायचं. झाडं काय, मेली की आपोआप जागा मोकळी.

आणि झाडं मरायला लागलीच होती. विहिरीचं पाणी खारं झालं होतं. आमच्या पेण-उरणकडे मिठागरात जसा पांढरा थर येतो, तसा झाडांच्या आळ्यांमध्ये यायला लागला. वरचे शेंडे वाळायचे, खजूर धरायचा तो बारीक, आठळीला कातडी चिकटावी तसा. पाणी गोडं करायचं यंत्र आणि नव्या नळ्या, एवढं केलं तर बाग वाचणार होती. त्यासाठी शेतकऱ्यांना कर्ज मिळायचं. शेजारच्या बागेला मिळालं, पलीकडच्या बागेला मिळालं. तीच माती, तेच पाणी. खालाला मिळालं नाही.

नाही असं तिला कुणी म्हणालं नाही, हीच तर खरी गंमत. हे तिला गाडीतून कर्जाच्या ऑफिसात घेऊन जायचे आणि बाहेर उभे राहायचे. आतला माणूस तिच्याकडे न बघता म्हणायचा, "दिराला घेऊन या." मग दीर यायचा. तो एकटा आत जायचा, चहा घ्यायचा, काहीतरी बोलायचा, आणि बाहेर येऊन सांगायचा, "बुक्रा." उद्या. तो उद्या काही आला नाही. आत काय बोलतो ते ह्यांना माहीत नाही, खालाला माहीत नाही. एकदा मी तिला तावातावानं म्हटलं, "काढून टाक ना त्याची वकाला!" ती म्हणाली, "काढून मी काय करू? खिडकीवरचा माणूस माझ्याशी बोलतच नाही." खोटं नव्हतं ते.

त्याच काळात सौदीकरणाचं वारं सुटलं होतं. आधी मोबाइलची दुकानं गेली, मग कपड्यांची, मग भांड्यांची. काल जिथं आपला रत्नागिरीचा पोरगा उभा असायचा, तिथं आज पांढरा पायघोळ थोब घातलेला सौदी मुलगा. परदेशी माणसांच्या बायकापोरांवर दर महिन्याचा सरकारी आकार बसला आणि लोक धडाधड कुटुंबं परत पाठवायला लागले. मुलीच्या शाळेत वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. ती घरी येऊन सांगायची, "मम्मा, आज वो भी फॉर गुड गई." फॉर गुड म्हणजे कायमची. तिथल्या प्रत्येक पोराला हा शब्द पाठ. मी मनातल्या मनात हिशेब करायची, बाग आहे तोवर आपण आहोत. बाग मेली की आपलंही खलास.

म्हणून मदतीची बातमी आली तेव्हा खालाइतकीच मी आनंदानं उडाले. रियाधहून तिच्या मुलीचा फोन. ज्या शेतकऱ्यांना पूर्वी नाहक कर्ज नाकारलं गेलं, त्यांना सरकार आता पैसे देणार. कर्ज नव्हे, मदत. परत फेडायची नाही. मुलीनं तिकडूनच अर्ज भरला. मग कळलं की कमिटी बाग बघायला येणार आणि विचारणार, तुम्हाला नक्की कशावरून नाकारलं? आली का पंचाईत! काय सांगणार? कुणी कधी तोंडानं नाकारलंच नव्हतं. दिराच्या पोटातलं बाहेर काढायचं कसं?

कमिटीच्या दिवशी सासूबाई तिथंच होत्या. व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, पोतंभर सुकट नि दोन नारळ घेऊन. सकाळपासून त्यांची नुसती लगबग. सांदणं केली, वरून नारळाचं दूध. "मोठी माणसं यायची आहेत, नुसता खजूर काय ठेवायचा तोंडासमोर?" मी म्हटलं, "मां, ही त्यांची जागा आहे, त्यांना खजूरच आवडतो." तर म्हणे, "तू गप. आवडतो म्हणून रोज तोच खायचा काय?"

दोघेजण आले. एक वयस्क, पिकल्या दाढीचे, हळू बोलणारे. दुसरा लॅपटॉप घेतलेला तरुण. आणि त्यांच्या मागोमाग, न बोलावता, कडक इस्त्रीच्या थोबमध्ये दीर. सगळे खालाच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसले. खाला तोंडावर काळी ओढणी घेऊन समोर. हे दाराशी उभे. मी गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, ओतत होते, आणि सासूबाई आतल्या पडद्याआड.

दाढीवाल्यांनी विचारलं, "बाग कोण बघतं?"

खाला तोंड उघडायच्या आत दीर बोलला. "बाग हा हिंदी माणूस बघतो. हिला काय कळतं? ही इथली नाही."

ही इथली नाही! खाला दोन तासांच्या रस्त्यावरच्या हुफूफची. केस पिकले तिचे कतीफमध्ये. पण बाहेरची ती बाहेरचीच. आपल्याकडे खाडीपलीकडून आणलेल्या सुनेला म्हातारी झाली तरी 'पलीकडली' म्हणतात, तशातली गत. खालानं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही काही बोलायची नाही. ह्यांच्याकडे बघितलं तर हे भिंतीसारखे उभे. बोलणार काय, इकामा त्या दिराच्या हातात.

सासूबाईंना शब्द कळले नसतील, पण दिराचा सूर कळला. आणि खालाची खाली गेलेली मान दिसली. झालं! पडदा बाजूला सारून म्हातारी सरळ मजलिसमध्ये. डोक्यावर पदर, हाताला नारळाचं दूध. त्या दाढीवाल्यांसमोर उभी राहून, खालाकडे हात करून, अगदी कळवळून म्हणाली, "गरीब! गरीब! बिचारी गरीब हाय हो!"

माझ्या हातातला गहवा सांडला. अरबीत गरीब म्हणजे परका. बाहेरचा, अनोळखी, आपल्यातला नसलेला. म्हणजे दीर जे म्हणत होता, अगदी तेच सासूबाईंनी छातीवर हात ठेवून शपथेवर सांगितलं.

दीर खुलला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा! हिच्या घरात राहणारी हिंदी म्हातारीसुद्धा सांगते. गरीब आहे ही, गरीब! मी ऑफिसमध्ये दर वेळी हेच सांगत आलो. ही आमच्यातली नाही, उद्या बाग विकून माहेरी जाईल, हिला पैसे देऊ नका."



दाढीवाल्यांनी कप खाली ठेवला. अगदी गोड आवाजात विचारलं, "दर वेळी सांगितलंत? कर्जाच्या ऑफिसमध्ये?"

"दर वेळी!"

"आणि त्यांनी ऐकलं?"

"ऐकणारच. मी इथला आहे."

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लॅपटॉपवाला भराभर टाइप करायला लागला तेव्हा कुठं दिराच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. पण मला तेव्हा ते कळलंच नाही. मी आपली सासूबाईंची चूक निस्तरायला धावले. मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "माफ करा, आमच्या भाषेत गरीब म्हणजे मिस्कीन. पैसा नसलेली. त्यांना तसं म्हणायचं होतं."

आणि खालाची मान वर आली. दिराच्या बोलण्यानं आली नव्हती ती माझ्या बोलण्यानं आली. डोळे असे की मी मागेच सरले. "मिस्कीन?" ती म्हणाली. "परकी म्हणा, हरकत नाही. आयुष्यभर म्हणालात. पण मी मिस्कीन नाही. मी भीक मागायला आले नाही. शेजाऱ्याला जे दिलंत ते मला का दिलं नाहीत, एवढं विचारायला आले."

दाढीवाल्यांनी दोन सांदणं खाल्ली. जाताना सासूबाईंना हात छातीशी नेऊन सलाम केला.

मदत मंजूर झाली. सासूबाईंनी त्याचं सगळं श्रेय घेतलं. "मी गरीब म्हटलं म्हणून त्यांच्या मनाला पाझर फुटला." कुणी त्यांना खरं सांगितलं नाही. आणि खोटं तरी कुठं होतं? म्हातारी मध्ये पडली नसती तर त्या माणसानं कधी तोंड उघडलं असतं? खालानं त्यांना मोगऱ्याचे गजरे करून आणले, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात ईद होती.

पैशाबरोबर अट होती, ती नंतर कळली. खालाची मुलगी रियाधहून आली होती, तिनंच वाचून दाखवली. सरकारी मदत घेणाऱ्या बागेचा सुपरवायझर सौदी हवा. परदेशी चालणार नाही. आधी तो बदल करायचा, मगच पैसा सुटणार.

हे म्हणाले, "बरोबर आहे." बस, एवढंच. आणि पंपाकडे निघून गेले.

मला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते आजही धड सांगता येत नाही. सरकारचा म्हणावं, तर त्यांनी आपल्या पोरांना काम द्यायचं ठरवलं त्यात वाईट काय? आपल्याकडे कारखाना आला की भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या म्हणून आपण मोर्चे काढत नाही का? माझा सख्खा भाऊ असल्या मोर्च्यात गेलेला आहे. खालाचा म्हणावं, तर तिनं काय केलं? पण राग होता. इतकी वर्षं त्या झाडांवर चढून माझ्या नवऱ्यानं फळ धरावं म्हणून हातानं फुलोरे बांधले. त्याच्या हाताला काट्यांचे वण आहेत ते अजून गेलेले नाहीत. ज्या मदतीसाठी मी नमाजेत दुवा मागितली, तीच आम्हाला उठवून लावणार होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय.

खाला तडक म्हणाली, "मला नको पैसा." मुलगी तिच्यावर चिडली. ह्यांनी पंपाकडून येऊन खालाला समजावलं. मला ते समजावणं ऐकवेना. हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय देऊन दुसरीला सांगत होता, "पैसा घे, खाला. नाही घेतलास तर दोन उन्हाळ्यांत झाडं जातील, मग मीही जाणारच आहे. निदान झाडं तरी राहू देत." त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. म्हणूनच जास्त राग आला.

मग खालानं एक वाट सुचवली. ह्यांच्या इकाम्यावर हुद्दा बदलायचा, सुपरवायझरच्या जागी साधा शेतमजूर. मग हे राहू शकतात. पण मजुराला बायको-मुलांना ठेवता येत नाही. मी आणि मुलगी परत, हे एकटे शेडमध्ये, नव्या सुपरवायझरच्या हाताखाली. ह्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की हे हो म्हणणार. त्या झाडांसाठी म्हणणार.

मी म्हटलं, "नाही." सगळ्यांसमोर म्हटलं, खालासमोर, सासूबाईंसमोर. "जाऊ तर सगळे जाऊ. ह्यांनी ज्या बागेत हुकूम दिले तिथं दुसऱ्याच्या हाकेला धावायचं, आणि मी तिकडं महिन्याच्या फोनची वाट बघत बसायचं, हे मला नको." मी जरा तोंडाची फटकळ, सगळ्यांना माहीत आहे.  हे म्हणाले, "ठीक आहे." ते दोन शब्द त्यांच्या तोंडून काढल्याबद्दल त्यांनी मला माफ केलंय की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

सासूबाईंना सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तोंडामुळं तिचं पाणी आलं, आणि माझ्या तोंडामुळं तुमचं पाणी तुटलं?" मी म्हटलं, "नाही हो मां, तसं काही नाही." पण त्या दिवसापासून त्या गप्प झाल्या. बाजेवर खालाशेजारी बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. खाला आपली त्यांचा हात हातात घेऊन बसायची. आमची मुलगी शाळेतून आली नि तिनं विचारलं, "मम्मा, अब हम भी फॉर गुड?" मी हो म्हटलं. तिनं "ओके" म्हटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दिराची वकाला कोर्टात रद्द झाली. खालाच्या मुलीनं सगळा सरकारी कारभार आईच्या नावावर, आईच्या फोनवर आणून दिला आणि ती रियाधला परतली. आता बागेचं कुठलंही काम खाला स्वतः करू शकत होती. कुणाला घेऊन या नाही, उद्या या नाही. नवा सुपरवायझर रविवारी रुजू होणार होता. त्याआधी ह्यांचं फायनल एक्झिट टाकायला हवं होतं, म्हणजे कायमचं जायचा परवाना. तो कफीलनंच द्यायचा असतो.

असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज झाल्यावर तिनं आम्हाला मजलिसमध्ये बोलावलं. चष्मा लावून फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. पडद्यावर ह्यांचा इकाम्यावरचा फोटो होता, लग्नाआधीचा, काळ्याभोर मिशांचा. खाला बराच वेळ तो बघत राहिली. मग मला म्हणाली, "ह्याला दिराची सही लागत नाही ना?"

"नाही, खाला."

"माझी एकटीची चालते?"

"तुझी एकटीची."

किती वर्षं तिनं ह्यासाठी खेटे घातले होते. तिच्या एकटीच्या सहीनं व्हायचं पहिलं काम हे होतं.  चष्म्यातून पाणी गळायला लागलं, अक्षरं दिसेनात. तिनं फोन ह्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "कुठे दाबू रे?"

ह्यांना काही पुढं होववेना.  मग मीच तिच्याशेजारी बसले, तिचा अंगठा धरला आणि म्हटलं, "इथं, खाला. इथं दाब."